सुमनची जीप तापते

भिवंडी पाहिलेली माणसं आमच्या नाशकात कमी नाहीत, पण सगळ्यांनी ती गाडीच्या खिडकीतून पाहिलेली. भिवंडीला कुणी उतरत नाही. "एकदा भिवंडी सुटली की बरं वाटतं," असंच जो तो सांगतो. मी या जानेवारीत तिथे उतरले, जेवले, झोपले, आणि जुन्या जीपच्या पोटात काय काय असतं ते भररस्त्यात उभी राहून शिकले. मला ते शिकायचं नव्हतं. मला भाषण करायचं होतं.

भाषण अकलोलीला होतं, वज्रेश्वरीजवळ, संक्रांतीच्या हळदीकुंकवात. भिवंडीच्या आसपासची शेतं आता गोडाऊनवाल्यांकडे चालली आहेत. विकायच्या आधी बहिणींच्या सह्या लागतात. मग एरवी दिवाळीलाही न आठवणाऱ्या बहिणीला माहेरून बोलावणं येतं. दोन दिवस तिचे लाड होतात, तिसऱ्या दिवशी तिला गाडीत घालून सहीला नेतात. अकलोलीच्या अंगणवाडीच्या बाईंनी आमच्या नाशिकच्या महिला मंडळाला निरोप धाडला होता की तुळसा नावाची एक बाई अशीच माहेरी आलेली आहे, हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी भाऊ तिला सहीला नेणार आहे, त्याआधी कुणीतरी येऊन बोला. हळदीकुंकवाला बायका जमल्या तर भाऊ अडवू शकत नाहीत, ही युक्तीही त्यांचीच.

बोलायला मला निवडलं. माझे वडील छापखान्यात होते. आमच्या घरी डब्यांखाली वर्तमानपत्र नसायचं, पत्रकं असायची. मी अक्षरं पत्रकांवर शिकले. 'निषेध' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता येत होता. हे माझं पहिलं जाहीर भाषण होतं.

आणि गाडी चालवायला सुमन. तिच्याबद्दल सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला चकवल्यासारखं होणार नाही. ती माझी मैत्रीण आहे आणि मला तिचा हेवा वाटतो. दिंडोरीकडची, शेतातली, ट्रॅक्टरवर वाढलेली. सैन्याच्या लिलावातली एक जुनी जीप तिच्याकडे आहे, चारही चाकं ओढणारी, दोन दोन गिअरच्या दांड्या असलेली. ती त्या जीपमधून उतरली की माणसं तिच्याशी बोलायला लागतात. मी उतरले की मला रस्ता विचारतात.

पडघा

कसारा घाट आम्ही सकाळच्या थंडीत उतरलो. शहापूरला चहा घेतला. "आता आपला इलाका सुरू," असं म्हणून मी पिशवीतून बॅनर काढला. जाड मांजरपाटाचा, दुहेरी, वर ऑईलपेंटने मी स्वतः रंगवलेली अक्षरं: 'बहिणींनो, सही नाही, वाटा!' बॉनेटच्या दोन बाजूंच्या कड्यांना आणि खाली बंपरला बांधला. जीपचं सगळं तोंड झाकलं गेलं. लांबून फार रुबाबदार दिसत होता.

पडघ्याच्या अलीकडे सुमन एकदम गप्प झाली. मी माझ्या भाषणाची सुरुवात तिला म्हणून दाखवत होते.

"थांब जरा," ती म्हणाली.

"का, जमली नाही?"

"काटा बघ."

तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला होता. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. तिने गाडी बाजारापाशी कडेला घेतली, बॅनर सोडला आणि बॉनेट उघडलं. मी पाण्याची बाटली घेऊन सरळ रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. समोरच्या भजीवाल्याने झारा उगारून ओरडा केला, "ए बाय, झाकन नको उघडू! तोंड भाजल!" तोवर सुमनने माझा हात मागे ओढलेला होता.

आम्ही वाट पाहिली. भजीवाल्याचं नाव बाळारामदादा. त्याने ओलं गोणपाट आणून दिलं, झाकणावर टाकायला. त्याच्याकडची भजी वालाच्या पिठाची, आमच्याकडे मिळत नाही तशी, खमंग आणि किंचित कडवट. मी त्याला जमिनीबद्दल विचारलं. "हाय की," एवढंच म्हणाला. सुमनने त्याला विचारलं, "दादा, घाटात नाही तापली आणि इथे सपाटीवर कशी तापली असेल?" तर तो खुर्ची ओढून बसला. आपल्या मेव्हण्याच्या टेम्पोपासून सुरुवात करून, विकलेल्या वावरापर्यंत पोचून, वर आणखी एक प्लेट भजी देऊन मगच उठला.

मला जे पंधरा प्रश्नांनी मिळत नाही ते तिला एका गरम इंजिनाने मिळतं. हे मी तिथल्या तिथे मनात नोंदवलं.

पाणी भरलं. उभ्या उभ्या चालू ठेवलं तर काटा खाली. बॉनेट लावलं, मी बॅनर बांधला, निघालो. बायपासपर्यंत काटा पुन्हा वर.

भिवंडी

उतरणार होतो रझिया आपांकडे. आपा मूळच्या कोकणी मुसलमान, पिढ्यान् पिढ्या भिवंडीतल्या. त्यांच्या सासऱ्यांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, होते, आता दीर बघतात. आपा मुलींचा शिवणवर्ग चालवतात आणि मंडळाच्या जुन्या मैत्रीण आहेत. त्यांच्या गल्लीत शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंनी लूमचा आवाज असा येत होता की बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागे. आपांनी मला मिठी मारली आणि सुमनला विचारलं, "गाडी का रडते आहे?"

दीरांच्या ओळखीचा मेकॅनिक आला. त्याला सगळे मुन्नाभाई म्हणत. त्याने बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, "हेड गॅस्केट गया. इंजन उतारना पडेगा."

इंजिन उतरवायचं म्हणजे अकलोली गेली. उद्या दुपारी बायका जमणार, परवा तुळसा सही करणार, आणि माझं भाषण या गल्लीत पडून राहणार.

"उतरवू नंतर," सुमन म्हणाली. "आधी बघू तर."

नेमके तेव्हाच दिवे गेले. भारनियमन. लूमचा आवाज अख्ख्या गल्लीत एका क्षणी थांबला आणि माझे कान सुन्न झाले. आतून बनियनवर कापसाची पांढरी लव चिकटलेले कारागीर बाहेर आले, चहा घेऊन जीपभोवती उभे राहिले. एवढे श्रोते मला आयुष्यात मिळाले नव्हते. मी पत्रकं वाटायला घेतली आणि बोलायला तोंड उघडलं.

"ये मॅडम ड्रायवर है?" एकाने विचारलं.

"नाही," मी म्हणाले, "मी..."

"आप नहीं, वो."

सगळे सुमनकडे वळले. सुमन बॉनेटखाली अर्धी आत होती. तिथूनच ती मोठ्याने एकेक गोष्ट सांगत होती, जणू वर्ग घेत होती. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं सील, गेलं असतं तर रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले असते. तिने झाकण काढून इंजिन चालू करायला लावलं. चार जण वाकून पाण्यात बघत राहिले. बुडबुडा नाही. मग म्हणाली, पाणी तेलात मिसळलं असतं तर तेल ताकासारखं झालं असतं. तेल मोजायची पट्टी ओढून काढली. "काही पुसायला द्या."

एखाद्या पोराने नव्हे, चांगल्या मिशीवाल्या, वयस्क माणसाने हातातलं माझं पत्रक तिला दिलं. तिने त्यावर पट्टी पुसली. तेल काळं, स्वच्छ काळं. 'बहिणींच्या हक्काचा प्रश्न' या मथळ्यावर.

"देखो, दूध नहीं बना," मिशीवाला मुन्नाभाईला म्हणाला. "तुम तो बोला हेड गया."

"लिख के लो, हेड ही है."

"तेरा खुद का हेड गया है!"

हशा पिकला. मुन्नाभाईही हसला. पंख्याचा पट्टा तपासला, घट्ट होता. रेडिएटरची वरची नळी गरम, खालची तिच्याहून कमी, म्हणजे पाणी फिरतंय. राहिला थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झालं की उघडणारी वाटीएवढी झडप. तीच अडकत असेल, सुमन म्हणाली, तर ती उकळत्या पाण्यात टाकून बघायची. मुन्नाभाईने ती काढून दिली आणि सुमन ती घेऊन सरळ आपांच्या स्वयंपाकघरात.

"आपा, एक पातेलं द्या. जुनं."

"जुनं कसलं, हे घे. यात सांदण उकडते मी. आता तुझं इंजिन उकड."

गॅसवर पातेलं, पाण्यात दोऱ्याने सोडलेली झडप. आम्ही तिघी वाकून बघत होतो. आमच्याकडे पाहुण्यांना स्वयंपाकघरात घेत नाहीत, इथे आपांनी ओट्यावर बसवलं आणि हातात तांदळाची भाकरी नि सुक्या बोंबलाची चटणी दिली. तिखटाने माझे डोळे वाहू लागले.

"जीप कुणाची म्हणायची?" आपांनी विचारलं.

"भावाची होती," सुमन म्हणाली. तिची नजर पाण्यावर होती. "मागच्या वर्षी मळ्याची वाटणी झाली. मी सही दिली. भाऊबीजेला त्याने ओवाळणीत जीप घातली."

मी चटणीचा घास तसाच धरून राहिले. आपण कुठे चाललोय, कशासाठी चाललोय! आणि ही सही देऊन बसलेली!

"मंडळात कधी बोलली नाहीस," मी म्हणाले.

"कुणी विचारलं नाही."

"आमच्यात तर हिस्सा आधीच ठरलेला असतो," आपा म्हणाल्या. "अब्बा गेले तेव्हा भाऊ आला, म्हणाला, आपा, माफ कर. मी माफ केला. सगळ्याच करतात. माफ नाही केला तर ईदला कोण न्यायला येणार?"

"हे चूकच आहे, आपा!" मी म्हणाले. आवाज चढला होता. "माफी गुन्ह्याची करतात, हक्काची नाही!"

"वाक्य चांगलंय," आपा म्हणाल्या आणि सुमनकडे वळल्या. "मग? वाईट वाटलं का तुला?"

पुढचं त्या हळू बोलल्या. बाहेर कारागिरांचा गलका होता, मला नीट ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की दोघींना एकमेकींचं न बोललेलंही कळत होतं. मला भावंडं नाहीत. वडिलांनी भाड्याच्या दोन खोल्यांपलीकडे काही ठेवलं नाही. माझ्याकडून सही मागायला कुणी कधी येणार नाही. ज्या अन्यायाविरुद्ध मी एवढी पानं लिहिली, तो माझ्यावर होऊच शकत नव्हता. त्या ओट्यावर मला याचाही हेवा वाटला.

"उघडली!" सुमन ओरडली. उकळत्या पाण्यात झडप डोळा उघडावा तशी उघडली होती. म्हणजे तीही ठीक. पण तिच्यावर क्षार साचले होते, ते सुमनने खरवडले. मुन्नाभाईने ती बसवली, रेडिएटरच्या जाळीत अडकलेली कापसाची लव हवेने उडवली, आणि बॅनर सीटवर टाकून कल्याण नाक्यापर्यंत फेरी मारून आला. काटा जागचा हलला नाही. तोवर वीज आली होती. कारागिरांनी आत जाता जाता सुमनसाठी टाळ्या वाजवल्या. मिशीवाला म्हणाला, "बेटी, लूम का जॉबर बनोगी? हमारा वाला तो सोता रहता है." जॉबर म्हणजे लूम दुरुस्त करणारा. तिथे त्याला मान मोठा.

मला कुणी काही बनवलं नाही. उरलेली पत्रकं मी न मोजताच पिशवीत कोंबली.

आंबाडीच्या अलीकडे

सकाळी आपांनी नाश्त्याला सांदण दिलं, तांदूळ आणि नारळाच्या दुधाचं, मऊ, पांढरं, किंचित गोड. निघताना मी बॅनर पुन्हा बांधला, या वेळी लूमच्या पक्क्या सुताने, चारी बाजूंनी ताणून. वाडा रस्त्याला लागलो. शेलार, कवाड, अनगाव. दोन्हीकडे अर्धी भातखाचरं आणि अर्धी पत्र्याची गोडाऊनं. एका गोडाऊनच्या भिंतीला लागून कुणीतरी अजून वालाची शेती धरून होतं.

अनगाव मागे पडलं आणि काटा चढला.

सुमनने गाडी आंब्याखाली घेतली आणि प्रथमच तिचा चेहरा उतरला. "आता मला कळत नाही," ती म्हणाली. "थांबली की गार, पळाली की गरम. मुन्नाभाई बरोबर असेल. हेडच असेल. इथून एसटी बघूया."

ती गाडीच्या मागे पाण्याचा डबा काढायला गेली. मी पुढे उभी होते. बॅनरवर धूळ बसली होती, ती पदराने पुसायला वाकले. कापड आत खेचलेलं होतं, गालफडं आत गेलेल्या माणसासारखं, जाळीला घट्ट चिकटलेलं. माझ्या अक्षरांवर जाळीच्या उभ्या पट्ट्या उमटल्या होत्या. 'सही'तला स भाजून चिकट झाला होता.

इंजिन त्या जाळीतून श्वास घेतं, आणि आम्ही तिच्या तोंडावर दुहेरी मांजरपाट नि ऑईलपेंट बांधलेलं. प्रत्येक वेळी तपासायला बॉनेट उघडायचं म्हणून बॅनर सोडायचा, गाडी गार व्हायची, आणि निघताना मी तो पुन्हा बांधायची. मुन्नाभाईची फेरीही बॅनरशिवाय झालेली. जगात असं नुकसान फक्त मंडळवालेच करू शकतात. गाडी पोचो न पोचो, घोषणा पुढे हवी!

मला कळलं होतं आणि सुमनला कळलं नव्हतं. ते काही क्षण मी आंब्याखाली मनसोक्त उपभोगले. मग तिला बोलावलं.

तिने बघितलं, कपाळावर हात मारला आणि खाली बसून हसत सुटली. बॅनर सोडून निघालो. पहिल्या चढावर काटा खाली आला आणि तिथेच राहिला.

"तू शोधलंस!" तिने स्टिअरिंगवरून हात काढून माझा खांदा दाबला. "बाई, तू शोधलंस! मी कालपासून डोकं फोडतेय."

तिला माझा हेवा वाटला नाही. मला त्याचाही राग आला.

अकलोली

अकलोलीला पाणी जमिनीतून उकळत येतं. तानसा नदीच्या काठी कुंडं आहेत. आमच्याकडे गोदावरीत पाय घातले तर थंडीने ओरडतो, इथे भाजतात म्हणून ओरडत होतो. पाय धुऊन अंगणवाडीच्या बाईंच्या अंगणात पोचलो. बायका आधीच जमल्या होत्या. गुडघ्याशी घट्ट नेसलेली लुगडी, अंबाड्यात अबोली. हळदकुंकू झालं, तिळगूळ झाला, आणि मी उभी राहिले.

मी चांगलं बोलले. हे मी गर्वाने लिहीत नाही, बायका स्तब्ध होत्या. कायदा सांगितला, हक्क सांगितला, "माफी गुन्ह्याची करतात, हक्काची नाही" हे आपांकडे सुचलेलं वाक्यही घातलं. टाळ्या पडल्या. मग सुमनला कुणीतरी विचारलं, यायला उशीर का झाला, आणि तिने जीपची गोष्ट सांगितली. सांगताना सगळं श्रेय मला दिलं. बॅनरपाशी पोचली तेव्हा बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. माझ्या भाषणात एकही हसली नव्हती.

हसणं थांबल्यावर कोपऱ्यातली एक बाई बोलली. काळीसावळी, चाळिशीची, नाकात मोठी नथ. तुळसा तीच.

"ताय, तुजा बोलना बरोबर हाय," ती मला म्हणाली. "पन सही न्हाय केली त माहेर तुटंल. मंग मना कोन हाय?"

माझ्याकडे उत्तर होतं. आमच्या पत्रकात तिसऱ्या पानावर आहे. मी ते म्हणायला लागले: हक्क मागितल्याने नातं तुटत असेल, तर ते नातं...

"तुटला का तुजा?" तिने मध्येच विचारलं.

अंगणातल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. माझ्याकडे तुटण्यासारखं काहीच नव्हतं, आणि शेजारी सुमन पायाच्या अंगठ्याने शेणाने सारवलेली जमीन उकरत मजेत बसली होती. माझा तोल गेला.

"हिला विचारा!" मी म्हणाले. "हिने सही केलीय! अख्खा मळा देऊन जीप घेतलीय!"

मला वाटलं होतं बायका तिला नावं ठेवतील. त्या सरकून तिच्याजवळ गेल्या. मी उभीच राहिले आणि माझ्याकडे सगळ्यांच्या पाठी झाल्या.

"करलीस? मंग?" तुळसाने विचारलं.

सुमनने माझ्याकडे बघितलंही नाही. "माहेर तुटलं नाही," ती म्हणाली. "भाऊ चांगला आहे. बोलावतो. पण आधी मी गेले की वहिनी म्हणायची, चहा घे तुझ्या हाताने. आमची भांडणंही व्हायची, बांधावरून, विहिरीवरून. आता भांडण नाही. आता मला चहा कपबशीत देतात. पाहुण्यांच्या."

एकीने पदर तोंडाशी नेला.

"कपबशीत," तुळसा म्हणाली.

"आणि खाली ताटली."

तुळसाने पुढ्यातला कुंकवाचा करंडा बंद केला. मग उठली, लुगडं झटकलं. "तुजे जीपमदी जागा हाय का? मना कवाडला सोर. सासरला."

"उद्या भाऊ गाडी घेऊन येनार ना तुला सहीला न्यायला?" एक म्हातारी म्हणाली.

"येव दे. बोल तेला, तुळसा घरा गेली. सही पायजे त बहिनीचे घरा ये. बस. मी पन देन ना तेला कपबशीत."

बायका पुन्हा हसल्या, पण हे हसणं वेगळं होतं. अंगणवाडीच्या बाई डोळे पुसत माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही बरं विचारलंत हो सुमनताईंना. आम्हाला हे सुचलंच नसतं."

तुळसा तिचं गाठोडं घेऊन आली आणि पुढच्या सीटवर बसली, माझ्या जागेवर. तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिला कुणी उठवणारही नव्हतं. मी मागे बसले, आडव्या बाकावर, बॅनर मांडीवर घेऊन. सुमनने जीप आंबाडीच्या रस्त्याला घातली. ऊन उतरत होतं. मागच्या बाजूला डिझेलचा आवाज असा भरतो की पुढचा शब्द ऐकू येत नाही. दोघींची डोकी जवळ आलेली दिसत होती. तुळसा हाताने हवेत काहीतरी मोठं, गोल दाखवत होती, विहीर असावी. सुमन मान हलवत होती. मग दोघी खळखळून हसल्या.

मी पुढे वाकून ओरडले, "काय म्हणतेय?"

सुमनने मान किंचित मागे वळवली.

"काही नाही गं," ती म्हणाली. "आमचंच."